एंजिनाचा श्वास आणि दुसरबीडची धूळ

मोटारगाडी विकत घेणारा मनुष्य पहिला प्रश्न विचारतो, "ॲव्हरेज किती देते?" पेट्रोल पैसे मोजून घ्यावे लागते, म्हणून त्याचा हिशेब सगळेच ठेवतात. पण एंजिन पेट्रोलपेक्षा कितीतरी अधिक हवा खाते. ती फुकट मिळते, म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. लक्ष जाते ते एखादा दुकानदार सांगू लागतो तेव्हा : "ही मूळची गाळणी काढून टाका. हा नवा एअर इनटेक बसवा. एंजिन मोकळा श्वास घेईल, पिकअप वाढेल, ॲव्हरेजही वाढेल!" त्याच्या हातात शंकूच्या आकाराची, चकचकीत जाळीची एक गाळणी आणि रुंद गुळगुळीत नळी असते. किंमत असते काही हजार रुपये.

हा सौदा करावा की नाही? या प्रश्नाचे उत्तर जाहिरातीत सापडत नाही. नववी-दहावीच्या विज्ञानात मात्र ते बरेचसे सापडते. उदाहरणासाठी आपण बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा तालुक्यातले दुसरबीड हे गाव घेऊ. मेहकरकडून सिंदखेडराजा व जालन्याकडे जाणारा रस्ता या गावातून जातो. मुंबई व नागपूर यांना जोडणारा ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग याच तालुक्यातून गेला आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी संपूर्ण मार्ग सुरू झाला. त्यावर मोटारगाडीला ताशी १२० किलोमीटर वेगाने जाता येते. पण हीच गाडी गावात परतली की शेताच्या पांदणीतून, कापसाच्या आणि सोयाबीनच्या रानातून धूळ उडवीत जाते. म्हणजे एकाच एंजिनाला दोन निरनिराळ्या हवांत श्वास घ्यावा लागतो. अशा ठिकाणी गाळणीची निवड हा केवळ हौसेचा प्रश्न राहत नाही.

एंजिन किती हवा घेते?

चार धावांच्या एंजिनात दट्ट्या खाली जाताना हवा आत ओढतो, वर येताना ती दाबतो, ज्वलन झाल्यावर पुन्हा खाली ढकलला जातो आणि शेवटी वर येताना जळालेले वायू बाहेर टाकतो. या चार धावांत भुजादंडाचे दोन फेरे होतात. याचा अर्थ, दर दोन फेऱ्यांना एंजिन आपल्या घनफळाएवढी हवा एकदा ओढते.

लहान मोटारगाडीचे एंजिन साधारणपणे १,२०० घन सेंटिमीटरचे, म्हणजे १.२ लिटरचे असते. ते मिनिटाला ३,००० फेरे करीत असेल, तर मिनिटाला १,५०० वेळा भरेल. १,५०० गुणिले १.२ म्हणजे १,८०० लिटर. प्रत्यक्षात सिलिंडर काठोकाठ भरत नाहीत, म्हणून पेट्रोलची झडप पूर्ण उघडी असताना १,५०० लिटर धरू. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सुमारे सात-आठ लिटर हवा घेतो. तेव्हा हे छोटे एंजिन जवळजवळ दोनशे माणसांचा श्वास एकटे घेत असते.

आता दुसऱ्या बाजूने हिशेब करू. एक किलोग्रॅम पेट्रोल नीट जळण्यासाठी सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ०.७४ किलोग्रॅम असते. म्हणून एका लिटरला जवळजवळ ११ किलोग्रॅम हवा हवी. बुलढाणा जिल्ह्याचा हा भाग पठारी असून समुद्रसपाटीपासून साधारण पाचशे ते सहाशे मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब सुमारे ९५ किलोपास्कल असतो आणि ३० अंश सेल्सियस तापमानाला एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.०९ किलोग्रॅम भरते. म्हणजे एक लिटर पेट्रोलसाठी १० घनमीटर, अर्थात १०,००० लिटर हवा लागते! दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच अशा खोलीत मावेल एवढी ही हवा आहे. गाडीने एका लिटरमध्ये १५ किलोमीटर अंतर कापले, तर तेवढ्या वेळात तिने ही अख्खी खोली पिऊन टाकली.

हा आकडा लक्षात ठेवा. पुढे धुळीचा हिशेब करताना तो उपयोगी पडेल.

गरम हवा, विरळ हवा

एंजिनाला हवेचे घनफळ नको असते, तिच्यातील ऑक्सिजन हवा असतो. दाब तोच असेल तर वायूची घनता त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. बाहेर ४० अंश तापमान आहे, म्हणजे ३१३ केल्विन. बॉनेटखालची हवा एंजिनाच्या धगीने तापून ६० अंशांवर, म्हणजे ३३३ केल्विनवर गेली आहे. ३१३ भागिले ३३३ म्हणजे ०.९४. बॉनेटखालची हवा ओढणाऱ्या एंजिनाला त्याच घनफळात सहा टक्के हवा कमी मिळते. शिवाय पेट्रोल एंजिनात आधीच तापलेली हवा दाबली गेली की मिश्रण अवेळी पेटून ठोके येऊ लागतात. ते टाळण्यासाठी आधुनिक गाडीतला संगणक ठिणगीची वेळ मागे नेतो आणि शक्ती आणखी घटते.

हिवाळ्याच्या पहाटे गाडी जरा तरतरीत वाटते, त्यामागे हेच कारण आहे.

यावरून एक गोष्ट उघड होते. हवा बाहेरची, थंड घ्यावी. "कोल्ड एअर इनटेक" या नावाचा अर्थ एवढाच. पण गाडीच्या मूळ श्वसनमार्गाकडे नीट पाहा. बहुतेक गाड्यांत नळीचे तोंड रेडिएटरच्या वर किंवा बाजूला, पुढच्या जाळीजवळ असते आणि गाळणी एका बंद डब्यात असते. कारखान्यातून गाडी निघते तेव्हाच ती बाहेरची हवा घेत असते! उलट, डबा काढून एंजिनाशेजारी उघडी गाळणी बसवली, तर ती रेडिएटरवरून आलेली तापलेली हवा ओढते. वेगात धावताना बॉनेटखाली वारा खेळतो आणि हा फरक कमी होतो. पण गर्दीत, चढावर किंवा चिखलात हळू चालताना तो वाढतो.

गाळणी किती अडवते?

विक्रेत्याचे म्हणणे असते की मूळ कागदी गाळणी हवेला अडवते. हे खोटे नाही. कोणतीही गाळणी थोडा तरी दाब खातेच. प्रश्न एवढाच, की किती?

समजा, पूर्ण वेगाला गाळणीच्या अलीकडे ९५ किलोपास्कल आणि पलीकडे ९४ किलोपास्कल दाब आहे. म्हणजे गाळणीने १ किलोपास्कल खाल्ला. पाण्याच्या स्तंभात सांगायचे तर सुमारे १० सेंटिमीटर. ९५ पैकी १ म्हणजे साधारण एक टक्का. गाळणी अजिबात काढून टाकली, तरी यातून मिळणारा लाभ या एक टक्क्याच्या आसपासच राहणार. नवी गाळणी कितीही मोकळी असली तरी ती "गाळणी नसणे" याहून मोकळी कशी असेल? आणि एक टक्का मिळवण्यासाठी उघडी गाळणी बसवून गरम हवेमुळे सहा टक्के घालवले, तर तो आतबट्ट्याचा व्यवहार झाला.

कागदी गाळणी इतकी कमी अडवते, याचे रहस्य तिच्या घड्यांत आहे. २५ सेंटिमीटर लांब व १५ सेंटिमीटर रुंद अशी एक चपटी गाळणी घ्या. तिच्यात ४ सेंटिमीटर खोलीच्या ५० घड्या आहेत. प्रत्येक घडीला दोन बाजू. म्हणून कागदाचे क्षेत्रफळ ५० × २ × ४ × १५ म्हणजे ६,००० चौरस सेंटिमीटर झाले. वरून पाहिले तर फक्त ३७५ चौरस सेंटिमीटर दिसणाऱ्या वस्तूत सोळा पट कागद दडलेला असतो. मोठ्या वर्तमानपत्राची तीन पाने उलगडून ठेवावीत, जवळजवळ तेवढा! एंजिन मिनिटाला ३,६०० लिटर हवा ओढत असले, तरी या कागदातून ती सेकंदाला केवळ १० सेंटिमीटर या गतीने जाते. इतक्या संथ प्रवाहाला अडथळा फारसा होत नाही.

ॲव्हरेज का वाढत नाही?

पेट्रोल गाडीच्या हवेच्या मार्गात गाळणीच्या पुढे आणखी एक दार असते : थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणारी झडप. सपाट रस्त्यावर बेताच्या वेगाने जाताना ही झडप थोडीच उघडी असते आणि तिच्या पलीकडे दाब निम्म्यावर उतरलेला असतो. चालक स्वतःच्या पायाने चाळीस-पन्नास किलोपास्कल अडवून धरीत असताना गाळणीने वाचवलेल्या अर्ध्या-एक किलोपास्कलला काय किंमत? गाळणी थोडी तुंबली तर चालक नकळत पाय किंचित अधिक दाबतो, एवढेच. पेट्रोल किती सोडायचे ते संगणक आत आलेली हवा मोजून आणि धुरातला ऑक्सिजन तपासून ठरवतो.

अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली याची परीक्षा घेतली. गाड्यांच्या गाळण्या मुद्दाम तुंबवून इंधनाचा खर्च मोजला. संगणकाने इंधन सोडणाऱ्या आधुनिक गाड्यांच्या ॲव्हरेजमध्ये लक्षात येईल असा फरक पडला नाही. वेग घेण्यास मात्र वेळ अधिक लागला. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीचे ॲव्हरेज मात्र गाळणी तुंबल्यावर घटले. आता तर्क करा. तुंबलेल्या गाळणीनेही आधुनिक गाडीचे ॲव्हरेज कमी होत नसेल, तर स्वच्छ गाळणीहून मोकळी गाळणी बसवून ते वाढेल कसे?

डिझेल एंजिनाची गोष्ट थोडी निराळी. त्यात शक्तीचे नियंत्रण मुख्यतः इंधन कमी-अधिक सोडून होते. हवा कमी पडली तर इंधन अर्धवट जळते आणि काळा धूर निघतो. म्हणून डिझेल गाडी व ट्रॅक्टर यांची तुंबलेली गाळणी वेळेवर बदलणे विशेष महत्त्वाचे ठरते.

धुळीत काय असते?

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. एंजिनाला गाळणी का लावतात?

दुसरबीडचा परिसर दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी वाहून आलेल्या लाव्हारसाचा हा खडक. जवळच असलेले लोणारचे प्रसिद्ध विवर याच खडकात उल्का आदळून पडले. बेसाल्ट झिजून काळी कसदार माती बनते. तिच्यातील चिकणमातीचे कण मऊ असतात. पण त्याच धुळीत खडकाचे न झिजलेले कण आणि रस्त्यावरच्या खडीचा चाकांखाली झालेला भुगाही असतो. त्यात फेल्स्पार हे खनिज असते, त्याची कठिनता मोज मापश्रेणीत ६ आहे. बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या गारगोटीची कठिनता ७. सिलिंडर ज्या ओतीव लोखंडाचा करतात ते याहून मऊ असते. गारगोटीने लोखंडी पट्टीवर ओरखडा काढून पाहा, म्हणजे पटेल.

दट्ट्याच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असतो. त्याची जाडी काही मायक्रॉन असते. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.) या थरात १०-१५ मायक्रॉनचा कठीण कण शिरला, की तो दोन्ही बाजूंना एकाच वेळी घासतो. पॉलिश कागदाने लोखंड घासावे तसे हे काम मिनिटाला हजारो वेळा चालते. पुढे हेच कण तेलात मिसळून बेअरिंगांपर्यंत पोचतात. टर्बो असलेल्या गाडीत ते वेगाने फिरणाऱ्या पात्यांच्या कडाही झिजवतात. एंजिन तेल खाऊ लागते, निळा धूर सोडते, दाब धरत नाही. मग गॅरेजवाला सांगतो, "रिंगा गेल्या, बोअर करावे लागेल." तो खर्च गाळणीच्या किमतीच्या कितीतरी पट असतो, आणि ज्या घराची रोजी गाडीवर चालते, तेथे गाडी उभी राहिली की कमाईही थांबते.

गाळणी धूळ कशी पकडते?

चहाची गाळणी छिद्राहून मोठी पत्ती अडवते. हवेची गाळणी याहून हुशार आहे. तिच्या तंतूंच्या जंगलातून हवा वळणे घेत जाते. जड कणांना वळणावर वळता येत नाही. वळणावर वेगात आलेली सायकल जशी सरळ काट्यांत जाते, तसे ते तंतूवर आदळून अडकतात. मध्यम कण प्रवाहाबरोबर वळतात, पण तंतूला घासून जाताना चिकटतात. अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भटकतात आणि भटकता भटकता तंतूला लागतात. म्हणून छिद्रापेक्षा लहान कणसुद्धा गाळणीत पकडले जातात.

आणखी एक नवल. थोडी धूळ साचलेली कागदी गाळणी अगदी कोऱ्या गाळणीपेक्षा अधिक चांगली गाळते, कारण साचलेली धूळ स्वतःच गाळणीचे काम करू लागते. म्हणून दर आठवड्याला फिल्टर काढून त्याला पंपाने जोराची हवा मारणे हिताचे नाही. हवेच्या झोताने कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोके पडतात आणि गाळणी काढताना डब्यातली धूळ आतल्या नळीत सांडते. उत्पादकाने सांगितलेल्या अंतराला, आणि धुळीच्या भागात त्याहून लवकर, गाळणी बदलणे हे अधिक बरे.

बाजारातील हौशी गाळण्या बहुधा तेल लावलेल्या सुती जाळीच्या किंवा स्पंजाच्या असतात. त्या धुऊन पुन्हा वापरता येतात, ही त्यांची सोय. त्यांचे गाळणे मात्र तेलावर अवलंबून असते. तेल कमी पडले तर धूळ आत जाते. जास्त झाले तर ते हवा मोजणाऱ्या नाजूक तारेवर जाऊन बसू शकते.

९९.५ आणि ९७

परीक्षेत ९७ टक्के गुण मिळाले की घरी पेढे वाटतात. गाळणीच्या बाबतीत ९७ टक्के हा नापासाचा आकडा ठरू शकतो. कसे ते पाहा.

गाडी वर्षाला १५,००० किलोमीटर चालते आणि लिटरला १५ किलोमीटर जाते. म्हणजे १,००० लिटर पेट्रोल आणि आपल्या मघाच्या हिशेबाप्रमाणे १०,००० घनमीटर हवा. समजा, दर घनमीटर हवेत सरासरी १० मिलिग्रॅम धूळ आहे. वर्षाची धूळ झाली १०० ग्रॅम, म्हणजे मूठभर माती. ९९.५ टक्के गाळणारी गाळणी त्यातील अर्धा ग्रॅम आत सोडील. ९७ टक्के गाळणारी ३ ग्रॅम सोडील. गुणांत फरक अडीच टक्क्यांचा. पण एंजिनात शिरणारी धूळ सहापट! तेव्हा गाळणी किती पकडते हे न विचारता ती किती सोडते, हे विचारावे.

यासाठी आंतरराष्ट्रीय चाचणीही आहे. आयएसओ ५०११ या मानकानुसार ठरावीक आकाराच्या कणांची प्रमाणित धूळ हवेत सोडून गाळणी किती पकडते, किती दाब खाते आणि तुंबेपर्यंत किती धूळ साठवते, हे मोजतात. या प्रमाणित धुळीला मूळ स्थानावरून "ॲरिझोना धूळ" असे म्हणत आले आहेत. चांगल्या कागदी गाळण्या या चाचणीत ९९ टक्क्यांच्या वर गुण मिळवतात.

हवा मोकळी की स्वच्छ, हा पेच फार जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४२ च्या सुमारास माल्टा व उत्तर आफ्रिकेतील वाळूत लढणाऱ्या ब्रिटिश स्पिटफायर विमानांच्या नाकाखाली व्होक्स नावाची मोठी गाळणी बसवली होती. तिने विमानाचा वेग घटला, वैमानिक कुरकुरले. पण गाळणी काढून टाकणे परवडणारे नव्हते, कारण वाळूने एंजिने लवकर निकामी होत. शेवटी इजिप्तमधील अबुकीरच्या दुरुस्ती केंद्रात लहान आकाराची गाळणी तयार करण्यात आली. वेगासाठी जीव धोक्यात घालणाऱ्यांनीही गाळणीला सोडचिठ्ठी दिली नाही.

ट्रॅक्टरकडून एक धडा

एवढ्या दूर जाण्याचेही कारण नाही. मळणीच्या दिवसांत शेतात उभा असलेला ट्रॅक्टर पाहा. त्याच्या एंजिनाला धुळीच्या ढगात तासन्‌तास श्वास घ्यावा लागतो. अनेक ट्रॅक्टरांच्या हवेच्या नळीचे तोंड बॉनेटच्या वर उंच असते, कारण जमिनीपासून जसजसे वर जावे तसतशी धूळ कमी होते. काहींमध्ये आत येणारी हवा आधी गोल फिरवतात. भोवऱ्यात सापडलेले जड कण बाहेर फेकले जातात आणि खाली पडतात. काही ट्रॅक्टरांत त्यानंतर तेलाचे भांडे असते. हवा तेलावरून वळताना धूळ तेलात बुडते. महायुद्धातील विलीज जीपलाही अशीच तेलाची गाळणी होती. नव्या ट्रॅक्टरांत कागदी गाळणी आणि तिच्या आत सुरक्षेसाठी आणखी एक लहान गाळणी असते. धुळीत काम करणाऱ्या यंत्राच्या रचनाकाराने "मोकळा श्वास" कसा मिळवला? गाळणी विरळ करून नव्हे, तर ती मोठी करून आणि तिच्यापुढे धूळ वेगळी करून.

आवाज आणि शक्ती

उघडी गाळणी बसवली की एंजिनाचा आवाज भारदस्त होतो आणि चालकाला शक्ती वाढल्यासारखे वाटते. मूळ नळीला जोडलेले प्लॅस्टिकचे पोकळ डबे काहींना निरुपयोगी वाटतात. पण रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ज्या तत्त्वाने ती घुमते, त्याच तत्त्वाने हे डबे विशिष्ट कंप्रतेचा आवाज शोषतात. ते काढले की आवाज मोकळा सुटतो. शक्ती वाढली की नाही हे कानाने ठरत नाही. ते डायनॅमोमीटर या यंत्रावर मोजून ठरते. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था एंजिनांच्या व वाहनांच्या चाचण्या करते. दुकानदाराने वाढीचा आकडा सांगितला, तर तो कोणत्या यंत्रावर, किती तापमानाला आणि बॉनेट उघडे ठेवून की बंद ठेवून मोजला, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

पाणी : दुसरा शत्रू

काही बदली इनटेकची नळी थंड हवेसाठी पुढच्या बंपरच्या मागे, खाली उतरवलेली असते. उन्हाळ्यात ठीक, पण पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की हीच नळी पाणी ओढू शकते. १,२०० घन सेंटिमीटरच्या चार सिलिंडरांपैकी प्रत्येकात दट्ट्या ३०० घन सेंटिमीटर जागा व्यापतो. हवा दहापट दाबली जात असेल, तर दट्ट्या अगदी वर असताना केवळ ३३ घन सेंटिमीटर जागा उरते. म्हणजे सहा-सात चहाचे चमचे! याहून अधिक पाणी आत शिरले, तर ते हवेसारखे दाबले जात नाही. दट्ट्या अडतो आणि संयोगदांडा वाकतो. म्हणून पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न कधीही करू नये.

निवड कशी करावी?

आता सौद्याकडे वळू. खालील प्रश्न क्रमाने विचारावेत.

१. गाडी कोठे चालते? धुळीच्या रस्त्यावर तिचा बराचसा वेळ जात असेल, तर बंद डब्यातील मूळ प्रकारची कागदी गाळणीच योग्य.

२. आयएसओ ५०११ चाचणीचे आकडे दिले आहेत का? केवळ "जास्त हवा" असे लिहिलेले असेल, तर ती अर्धीच माहिती होय.

३. गाळणी डब्यात घट्ट बसते का? रबरी कडेशेजारी बारीक फट राहिली, तर उत्तम कागदही व्यर्थ. हवा सोपी वाट शोधते आणि धूळ तिच्या मागोमाग जाते.

४. हवा कोठून घेतली जाते? बॉनेटखालून नको, आणि पाण्यात बुडेल इतक्या खालूनही नको.

५. धुऊन वापरण्याची गाळणी असेल, तर ती नीट वाळवून, मोजके तेल लावून बसवण्याइतकी शिस्त घरात आहे का?

६. गाडीची हमी चालू आहे का? बदलामुळे ती रद्द होते का, हे आधी लेखी विचारावे. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ हे वाहनात उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई करते, हेही ध्यानात ठेवावे.

शर्यतीच्या गाडीचे गणित वेगळे असते. तिची झडप बहुतेक वेळ पूर्ण उघडी असते, एक टक्क्यालाही तेथे किंमत असते आणि एंजिन वरचेवर उघडून दुरुस्त केले जाते. तेथे मोकळ्या गाळणीचा काही उपयोग होईल. दुसरबीडहून जालन्याच्या बाजारात आणि परत शेतावर जाणाऱ्या गाडीला वर्षानुवर्षे टिकायचे असते. तिच्यासाठी योग्य आकाराची, चांगल्या बनावटीची, वेळेवर बदललेली गाळणी हाच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उत्तम इनटेक.

करून पाहा

(अ) पांढऱ्या रुमालाची परीक्षा : एंजिन बंद करून ते थंड झाल्यावर, घरातील मोठ्या माणसाच्या किंवा मेकॅनिकच्या मदतीने गाळणीचा डबा उघडा. गाळणीच्या पलीकडे, म्हणजे एंजिनाच्या बाजूच्या नळीत, स्वच्छ पांढरा रुमाल फिरवा. रुमालावर धूळ आली, तर गाळणीत किंवा तिच्या कडेला गळती आहे.

(आ) घड्यांचे गणित : जुन्या, टाकून दिलेल्या गाळणीच्या घड्या मोजा, एका घडीची खोली व लांबी मोजा आणि कागदाचे एकूण क्षेत्रफळ काढा. ते वरच्या क्षेत्रफळाच्या किती पट आहे?

(इ) उंची आणि धूळ : काचेच्या तीन पट्ट्यांना पातळ व्हॅसलीन लावा. कच्च्या रस्त्याच्या कडेला एका खांबावर त्या ३० सेंटिमीटर, १ मीटर आणि २ मीटर उंचीवर तासभर बांधून ठेवा. मग शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक पट्टीच्या सारख्याच भागातील कण मोजून तक्ता करा. हाच प्रयोग डांबरी रस्त्याच्या कडेला, वाहनांपासून सुरक्षित अंतरावर करा. उन्हाळ्यातला, मळणीच्या दिवसांतला आणि पहिल्या पावसानंतरचा आकडा वेगवेगळा येईल. दुसरबीडचा आकडा वेगळा असेल, कोकणातल्या गावाचा वेगळा. आपल्या गावच्या गाडीला कोणती गाळणी हवी, हे ठरवण्याची सुरुवात या तक्त्यापासून करावी.